शेक्सपिअरची अठरा नाटकं बचावली कशी

२५ मार्च १६१६ रोजी स्ट्रॅटफर्डमध्ये विल्यम शेक्सपिअरने मृत्युपत्रावर सही केली आणि महिन्याभरात, २३ एप्रिलला, तो गेला. मृत्युपत्र तीन पानांचं आहे. घरं, जमीन, चांदीचं भांडं, तलवार, अंगावरचे कपडे, सगळ्याची वाटणी त्यात आहे. एका ठिकाणी दोन ओळींच्या मधल्या जागेत मागाहून मजकूर घातलेला दिसतो: 'माझे सहकारी' जॉन हेमिंग्ज, रिचर्ड बर्बेज आणि हेन्री काँडेल यांना अंगठी घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स. ज्या रंगभूमीवर त्याने आयुष्य काढलं, तिची आठवण अख्ख्या मृत्युपत्रात एवढीच. नाटकांबद्दल एक शब्द नाही. हस्तलिखितं कुणी सांभाळायची, ती छापायची का, कशाचाच उल्लेख नाही.

त्या दिवशी त्याची साधारण निम्मी नाटकं कुठेही छापलेली नव्हती. 'मॅकबेथ' नाही, 'ज्युलियस सीझर' नाही, 'द टेम्पेस्ट' नाही, 'ट्वेल्फ्थ नाइट' नाही, 'अँटनी अँड क्लिओपात्रा' नाही. पुढच्या सात वर्षांत ती सगळी छापली गेली, १६२३ च्या 'फर्स्ट फोलिओ' या एका मोठ्या ग्रंथात. ते काम ना लेखकाने केलं, ना त्याच्या घरच्यांनी, ना एखाद्या पंडिताने. त्याच्याबरोबर रोज रंगमंचावर उभं राहणाऱ्या दोन नटांनी, हेमिंग्ज आणि काँडेल यांनी, ते केलं. शेक्सपिअरबद्दल बोलताना आपण प्रतिभेबद्दल भरभरून बोलतो आणि या दोघांना तळटीपेत ढकलतो, याची मला मनापासून चुटपुट वाटते. म्हणून हे प्रकरण त्यांच्या बाजूने मांडायचं आहे.

नाटक कुणाचं?

मृत्युपत्रातल्या मौनाला शेक्सपिअरचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. जे आपलं नाही ते वाटायचं कसं? नाटक लिहून झालं की ते मंडळीचं होई. १५९४ मध्ये उभी राहिलेली लॉर्ड चेंबरलेन्स मेन ही मंडळी १६०३ मध्ये पहिल्या जेम्सचं राज्य आलं तशी किंग्ज मेन झाली. शेक्सपिअर तिचा लेखक होता, नट होता आणि भागीदारही होता. संहिता मंडळीच्या पेटीत राहायची आणि एका अर्थाने तीच मंडळीची पुंजी होती. छापून बाजारात गेलेलं नाटक इतरांच्या हाती पडणार, म्हणून छापण्याची कुणाला घाई नसे.

पूर्ण संहिता तरी किती जणांकडे असणार? नटाला मिळायची फक्त त्याची नक्कल: त्याचे स्वतःचे संवाद आणि प्रत्येकाआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोनचार शब्द. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अख्खं नाटक एकसंध असायचं ते प्रॉम्प्टरजवळच्या वहीत. ती वही गेली की नाटक संपलं.

वह्या जातही होत्या. २९ जून १६१३ रोजी मंडळीच्या ग्लोब नाट्यगृहात 'हेन्री द एट्थ'चा प्रयोग चालू होता. राजाच्या प्रवेशाला तोफेचा बार काढला, त्याची ठिणगी गवती छपरावर पडली आणि नाट्यगृह जळून खाक झालं. माणसं बचावली. एकाच्या तुमानीने पेट घेतला, ती कुणीतरी बाटलीतली बिअर ओतून विझवली. नाटकंही बचावली, पण सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. 'लव्ह्ज लेबर्स वन' या नावाचं शेक्सपिअरचं नाटक १५९८ मधल्या एका यादीत आहे, आज त्याचा पत्ता नाही. जॉन फ्लेचरबरोबर लिहिलेलं मानलं जाणारं 'कार्डेनिओ' १६१३ मध्ये दरबारात झालं, तेही नाहीसं झालं. 'मॅकबेथ' त्याच वाटेवर होतं.

१६१९ चं वर्ष

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. शेक्सपिअर गेला त्याच वर्षी नाटककार बेन जॉन्सनने आपलं लेखन फोलिओ, म्हणजे कागद एकदाच दुमडून होणाऱ्या मोठ्या आकारात छापलं आणि त्याला 'वर्क्स' म्हटलं. फोलिओ आकार धर्मग्रंथांचा, इतिहासग्रंथांचा. त्यात नाटकं घातली म्हणून लोकांनी जॉन्सनची टर उडवली, पण वाट पडली. मार्च १६१९ मध्ये रिचर्ड बर्बेज गेला. हॅम्लेट, ऑथेल्लो, लिअर या भूमिका ज्याच्यासाठी लिहिल्या गेल्या तो हा नट. त्या वेळचा लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे नाटकांवर देखरेख ठेवणारा दरबारी अधिकारी, अर्ल ऑफ पेम्ब्रोक याने मे महिन्यात एका पत्रात लिहिलं की बाकी सगळे नाटक बघायला गेले आहेत, पण जुना स्नेही बर्बेज गेल्यावर इतक्यात आपल्याच्याने तिथे बसवत नाही. अंगठी मिळालेल्या तिघांतले दोघे उरले.

त्याच वर्षी थॉमस पॅव्हिएर या प्रकाशकाने दहा नाटकांची मालिका काढली. त्यातली दोन शेक्सपिअरची नव्हतीच. काही पुस्तकांवर १६०० आणि १६०८ अशी जुनी सालं छापली, म्हणजे हा जुनाच साठा आहे असं वाटावं. ही लबाडी उघडकीला यायला तीनशे वर्षं लागली. वेगवेगळी सालं मिरवणाऱ्या त्या पुस्तकांच्या कागदातले जलचिन्हांचे ठसे एकच आहेत, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग या अभ्यासकाने दाखवून दिलं. मे १६१९ मध्ये पेम्ब्रोकने मुद्रक-प्रकाशकांच्या संघाला, म्हणजे स्टेशनर्स कंपनीला, कळवलं होतं की किंग्ज मेनची नाटकं त्यांच्या संमतीवाचून छापायची नाहीत. हेमिंग्ज आणि काँडेल यांनी संग्रहाचा विचार नेमका कोणत्या दिवशी केला याची नोंद नाही. पण मित्र गेला, दुसरा मित्र गेला आणि नाटकं दुसऱ्याच कुणाच्या हातून भलत्या सालाखाली निघू लागली, हा क्रम बघितला की निकड कळते.

ज्याने छापलं, त्याच्याकडेच

या प्रकरणातला मला सर्वांत विचार करायला लावणारा निर्णय इथे आहे. काम गेलं विल्यम जॅगर्डच्या, लंडनमधल्या बार्बिकन भागातल्या छापखान्यात. पॅव्हिएरची ती मालिका छापणारा हाच. १५९९ मध्ये इतरांच्या कविता मिसळून शेक्सपिअरच्या नावावर 'द पॅशनेट पिल्ग्रिम' काढणाराही हाच. एव्हाना त्याची दृष्टी गेली होती आणि कारभार मुलगा आयझॅक बघत होता. हेमिंग्ज-काँडेलना राग धरून बसणं परवडणारं नव्हतं. एवढा मोठा ग्रंथ पेलणारा, त्यात पैसा गुंतवायला तयार असणारा छापखाना हवा होता. जोडीला एडवर्ड ब्लाउंट हा जाणकार प्रकाशक आला. 'हॅम्लेट', 'रोमिओ अँड ज्युलिएट' अशा छापून झालेल्या नाटकांचे हक्क जॉन स्मेदिककडे होते, 'मच अडो अबाउट नथिंग'चे विल्यम अ‍ॅस्प्लीकडे. त्या दोघांनाही भागीदार करून घेतलं.

सगळेच असे वळले नाहीत. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'च्या हक्काचा तिढा शेवटपर्यंत सुटेना. 'रोमिओ'नंतर ते छापायला सुरुवात झाली होती. ते थांबवलं आणि मोकळ्या राहणाऱ्या जागेत 'टायमन ऑफ अथेन्स' घातलं. अगदी शेवटी परवानगी मिळाली तेव्हा 'ट्रॉयलस' शोकांतिकांच्या तोंडाशी बसवलं, पण तोवर अनुक्रमणिका छापून झाली होती. त्यामुळे नाटक ग्रंथात आहे आणि अनुक्रमणिकेत नाही. काही प्रतींत तर 'रोमिओ'चं शेवटचं पान खोडलेलं तसंच शिल्लक आहे.

८ नोव्हेंबर १६२३ रोजी स्टेशनर्स कंपनीच्या वहीत सोळा नाटकांची नोंद झाली: आजवर दुसऱ्या कुणाच्या नावावर न चढलेली. या ग्रंथात पहिल्यांदाच छापल्या गेलेल्या अठरांपैकी उरलेली दोन, 'किंग जॉन' आणि 'द टेमिंग ऑफ द श्रू', या विषयांवरची मिळतीजुळती नाटकं आधीच छापली गेल्यामुळे वेगळी नोंदवली गेली नाहीत. अंध जॅगर्ड ग्रंथ पुरा होता होता वारला. शेक्सपिअरची पत्नी अ‍ॅन त्याच ऑगस्टमध्ये गेली होती.

बार्बिकनच्या छापखान्यात

छपाई १६२२ च्या सुरुवातीला लागली. त्याच वर्षीच्या फ्रँकफर्टच्या ग्रंथजत्रेच्या यादीत या ग्रंथाची जाहिरातही आहे, पण छापखान्याची इतर कामं मध्ये येत गेली आणि ग्रंथ निघायला पुढच्या वर्षाचा शेवट उजाडला. नऊशेवर पानं, ३६ नाटकं, एकेक अक्षर हाताने जुळवलेलं.

काम कसं चाले ते थोडं सांगायला हवं, कारण आज आपण जे शेक्सपिअरचे शब्द म्हणून पाठ करतो त्यांना आकार तिथे आला. मोठे तीन कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की बारा पानांचा गठ्ठा होतो. सर्वांत आतल्या कागदाच्या एका बाजूला पान ६ आणि ७ शेजारी शेजारी येतात. जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार, सुरुवात करायचे ती त्या पानांपासून, मग ५ आणि ८, असं बाहेर बाहेर. म्हणजे पहिली पाच पानं जुळवायच्या आधीच त्यांत किती मजकूर मावेल याचा अंदाज बांधून हस्तलिखितावर खुणा करायच्या. अंदाज चुकला की पंचाईत. मजकूर जास्त झाला तर पद्याच्या ओळी गद्यासारख्या सलग कोंबायच्या, कमी पडला तर एका ओळीच्या दोन करायच्या. त्यामुळे फोलिओत एखादी ओळ मध्येच तुटलेली दिसली की त्यामागे कवीचा हेतू शोधण्याआधी पानाच्या तळाशी किती जागा उरली होती ते बघावं.

जुळारी किमान पाच होते. त्यांची नावं ग्रंथात नाहीत. त्यांच्या शब्द लिहिण्याच्या सवयींवरून अभ्यासकांनी त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली. ई हा शिकाऊ पोरगा होता. त्याला मुख्यतः शोकांतिकांचं काम मिळालं आणि चुकाही त्याच्याच सर्वांत जास्त. त्याच्या पानांची मुद्रितं वारंवार तपासली गेल्याच्या खुणा आहेत. तपासणी चाले यंत्र चालू असतानाच. चूक सापडली की यंत्र थांबवून खिळा बदलायचा, पण आधी छापलेले कागद टाकायचे नाहीत, कारण कागद महाग. ते तसेच बांधणीला जायचे. म्हणून फोलिओच्या प्रतींमध्ये जागोजागी फरक सापडतात. चार्ल्टन हिन्मन याने दुसऱ्या महायुद्धानंतर आरसे आणि दिवे बसवलेलं एक यंत्र बनवलं. दोन प्रतींतलं तेच पान आलटून पालटून डोळ्यांपुढे आलं की फरकाची जागा लुकलुकताना दिसायची. या यंत्रावर त्याने वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या ५५ प्रती ताडून पाहिल्या. वर सांगितलेलं बरंचसं त्याच्या त्या कष्टांमुळे कळलं.

एक चूक जवळून बघू. 'हेन्री द फिफ्थ'मध्ये खाणावळवाली बाई फॉल्स्टाफ या रंगेल म्हाताऱ्याच्या मरणाची हकीकत सांगते. त्याचं नाक लेखणीसारखं टोकदार झालं होतं, असं म्हणते आणि पुढे फोलिओत शब्द येतात, 'अ टेबल ऑफ ग्रीन फील्ड्स'. हिरव्या रानांचं टेबल! अर्थ लागत नाही. शंभर वर्षांनी, १७२६ मध्ये, लुइस थिओबाल्डने सुचवलं की मूळ शब्द 'बॅबल्ड' असणार आणि घाईच्या अक्षरात जुळाऱ्याला तो 'टेबल' दिसला असणार. म्हणजे मरता मरता म्हातारा हिरव्या रानांबद्दल बरळत होता. आज बहुतेक आवृत्त्यांत हेच छापतात. इंग्रजी नाटकातल्या मृत्यूच्या सर्वांत हृद्य वर्णनांपैकी एक ओळ अशी एका जुळाऱ्याच्या नजरचुकीतून आणि एका संपादकाच्या तर्कातून आपल्याकडे आली आहे. दुसरी खूण 'मच अडो'मधली. गाणाऱ्या बाल्थझारच्या प्रवेशाला पात्राच्या नावाऐवजी छापलंय 'जॅक विल्सन', म्हणजे ती भूमिका करणाऱ्या गायक नटाचं नाव. प्रॉम्प्टरच्या वहीतली नोंद थेट ग्रंथात उतरली. चूक खरी, पण त्या पानावर विंगेतली धूळ आहे.

कोणती संहिता खरी?

ग्रंथाच्या प्रस्तावनेत हेमिंग्ज आणि काँडेल म्हणतात की याआधी वाचकांना चोरीच्या, मोडतोड केलेल्या प्रती मिळाल्या, आता त्या धडधाकट करून देत आहोत. 'हॅम्लेट'ची १६०३ ची पहिली क्वार्टो, म्हणजे लहान आकारातली सुटी, आवृत्ती उघडली तर त्यांचा राग पटतो. तिथे राजपुत्र म्हणतो, 'टु बी, ऑर नॉट टु बी, आय, देअर्स द पॉइंट'. 'क्वेश्चन' नाही, 'पॉइंट'. पुढचं सगळं स्वगतही असंच, ऐकून आठवेल तसं कुणी लिहावं तसं.

तरीही त्यांचा दावा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. फोलिओतली काही नाटकं त्यांनी आधीच्याच छापील क्वार्टोंवरून जुळवायला दिली. 'किंग लिअर'च्या १६०८ च्या प्रतीत साधारण तीनशे ओळी अशा आहेत ज्या फोलिओत नाहीत, आणि फोलिओत शंभरेक अशा ज्या तिथे नाहीत. शेवटचे शब्द क्वार्टोत अल्बनी बोलतो, फोलिओत एडगर. हॅम्लेटचं चौथ्या अंकातलं मोठं स्वगत १६०४-०५ च्या क्वार्टोत आहे, फोलिओतून गळलं आहे. एकच एक शुद्ध संहिता असते ही समजूत ग्रंथनिर्मितीची. नाटकवाल्यांना माहीत असतं की नाटक प्रयोगागणिक कापलं जातं, वाढवलं जातं. हेमिंग्ज आणि काँडेल यांना हे इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी विक्रीसाठी त्यांना वेगळं बोलावं लागलं, असं मला वाटतं.

त्यांनी काय वगळलं हेही बघण्यासारखं आहे. सुनीतं नाहीत, दीर्घ कविता नाहीत. दुसऱ्याबरोबर लिहिलेली 'पेरिक्लीज' आणि 'द टू नोबल किन्समेन' नाहीत. लेखकाचं चरित्रही नाही, मार्टिन ड्रॉशाउटने कोरलेलं एक चित्र तेवढं आहे. नाटकं लिहिल्याच्या क्रमाने लावलेली नाहीत, सुखात्मिका, इतिहासनाटकं आणि शोकांतिका असे तीन गट केले. आज शाळा-कॉलेजात आपण याच तीन कप्प्यांतून शेक्सपिअर शिकतो.

विक्री आणि पुढचं

प्रस्तावनेचा मथळाच तऱ्हेतऱ्हेच्या वाचकांना उद्देशून आहे, जाणत्यापासून ते अक्षराला अक्षर लावून वाचणाऱ्यापर्यंत. वाचा, टीका करा, पण आधी विकत घ्या, असं त्यात साफ म्हटलं आहे. अर्पणपत्रिकेत सूर बदलतो. स्वतःच्या लाभाची वा नावाची हाव न धरता, 'आमचा शेक्सपिअर' या मित्राची आणि सहकाऱ्याची आठवण जिवंत ठेवण्यासाठी हे केलं, असं ते लिहितात. 'आमचा' हा शब्द वाचताना माझा दरवेळी गळा दाटतो. बेन जॉन्सनने आत कविता लिहिली आणि शेक्सपिअर एका काळापुरता नव्हता, सर्व काळांचा होता असं म्हटलं. ती ओळ जगभर गेली.

किंमत बिनबांधणीची साधारण १५ शिलिंग, कातडी बांधणीची एक पौंडाच्या आसपास. प्रती साडेसातशेच्या घरात निघाल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नोंद सापडलेली पहिली खरेदी ५ डिसेंबर १६२३ ची: सर एडवर्ड डेरिंग याने दोन प्रती दोन पौंडांना घेतल्या. दुसरी आवृत्ती निघायला नऊ वर्षं लागली.

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाकडे स्टेशनर्स कंपनीशी झालेल्या करारामुळे एक प्रत आली. संस्थापक सर टॉमस बॉडली याला नाटकांची पुस्तकं ग्रंथालयात नकोशी होती, पण तो तोवर वारला होता. पुढे १६६० च्या दशकात तिसरी आवृत्ती आल्यावर जुनी प्रत निरुपयोगी म्हणून काढून टाकली. १९०५ मध्ये एक विद्यार्थी घरातलं जुनं पुस्तक दाखवायला घेऊन आला, तेव्हा बांधणीवरून कळलं की ही तीच. अमेरिकेच्या हेन्री फोल्जरने तिच्यावर डोळा ठेवला होता. बॉडलियनने लोकवर्गणी काढली आणि ३,००० पौंड जमवून १९०६ मध्ये ती परत मिळवली. फोल्जरने इतर इतक्या जमवल्या की आज ज्ञात असलेल्या सुमारे २३५ प्रतींपैकी ८२ त्याच्या ग्रंथालयात आहेत. बॉडलियनच्या प्रतीत सर्वांत झिजलेली पानं 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची आहेत. सतराव्या शतकातल्या ऑक्सफर्डच्या पोरांनी हात टेकवून टेकवून झिजवलेली.

मराठी रंगभूमीपर्यंत या प्रकरणाचा धागा येतो. आगरकरांच्या 'विकारविलसित'चं 'हॅम्लेट' आणि देवलांच्या 'झुंजारराव'चं 'ऑथेल्लो' क्वार्टोमुळे कसंही उरलं असतं. पण वासुदेव बाळकृष्ण केळकरांच्या 'त्राटिका'चं मूळ नाटक, 'द टेमिंग ऑफ द श्रू', फोलिओतच पहिल्यांदा छापलं गेलं. 'मॅकबेथ'ची तर दुसरी कुठलीच स्वतंत्र संहिता नाही, आपल्याकडे आहे ती या एका ग्रंथातून उतरलेली. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'राजमुकुट' लिहिलं ते त्या आधारावर.

हेन्री काँडेल १६२७ मध्ये गेला. तो आणि हेमिंग्ज लंडनच्या सेंट मेरी ऑल्डरमनबरी या एकाच मोहल्ल्यात वर्षानुवर्षं शेजारी राहिले, तिथल्या चर्चचा कारभार पाहिला आणि तिथेच पुरले गेले. हेमिंग्ज १६३० मध्ये वारला. तरुणपणी तो किराणा व्यापाऱ्यांच्या संघात उमेदवारी करून सभासद झाला होता. मृत्युपत्राच्या सुरुवातीला त्याने स्वतःची ओळख लिहिली आहे ती अशी: जॉन हेमिंग्ज, लंडनचा नागरिक आणि किराणा व्यापारी.